छावणीतील इंग्रजी : बंगल्यावरील नोकरांच्या भाषाशिक्षणाविषयी काही विचार

हिंदुस्थानातील इंग्रजीच्या प्रसाराचा इतिहास लिहिताना मेकॉलेचे १८३५ चे टिपण, १८५७ मधील विद्यापीठांची स्थापना आणि सरकारी नोकऱ्या यांचा परामर्श घेण्याची प्रथा आहे. ज्यांनी शाळेची पायरी न चढता, केवळ पोटासाठी ही भाषा उचलली, त्या बंगल्यावरील नोकरांचा उल्लेख या इतिहासात क्वचितच येतो. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) या शहराची भाषिक स्थिती या दृष्टीने विचारार्ह आहे.

निजामी राज्यातील या शहरात घरची भाषा मराठी किंवा दखनी. राज्यकारभाराची प्रथम फारसी आणि १८८० नंतरच्या दशकात उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणूनही उर्दूच स्वीकारली. मुंबई इलाख्यात थोडीबहुत इंग्रजी आलेल्यास कारकुनीची आशा बाळगता येई. येथे त्या भाषेला खरा बाजार होता तो छावणीच्या हद्दीत. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे शिपाई एतद्देशीय, अधिकारी इंग्रज. १९०३ मध्ये ती हिंदी लष्करात विलीन होईपर्यंत औरंगाबाद हे तिचे एक प्रमुख ठाणे होते. जवळच्या जालन्यास मद्रासी पलटणींचा तळ असे, आणि पलटण हलली की तिचे बाजारबुणगे व नोकरचाकरही तिच्याबरोबर हलत. १८२४ मध्ये निजामाच्या नोकरीत शिरून औरंगाबादेस आलेला मेडोज टेलर येथील भाषा आस्थेने शिकला. सारेच साहेब टेलर नव्हते.

बंगल्यावर बटलर, बावर्ची, हमाल, मसालची, भिस्ती, घोडेवाला, आया असा परिवार असे. यांतील ‘आया’ हा शब्द मुळात पोर्तुगीज. ‘बॉय’ या हाकेत तर इंग्रजी शब्दाबरोबर पालखी वाहणाऱ्या भोयाचे जातिनामही मिसळले असावे, असे कोशकारांचे मत आहे. गोमांस शिजविणे व उष्टी भांडी उचलणे ही कामे सवर्ण हिंदू पत्करीत नसत. ती मुसलमान, गोवेकर व मद्रासी ख्रिस्ती आणि महार यांच्याकडे आली. ज्या स्पर्शामुळे गावात दार बंद, तो येथे आड येत नव्हता. आणि या वर्गातही ज्यास साहेबाची भाषा बोलता येई तो बटलरच्या पदापर्यंत चढण्याची शक्यता अधिक.

या नोकरांची इंग्रजी कशी होती? यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात मद्रास इलाख्यातील ‘बटलर इंग्लिश’ची नोंद आहे. ‘आय टेलिंग’ म्हणजे ‘मी सांगेन’, ‘आय डन टेल’ म्हणजे ‘मी सांगितले आहे’. कोशकारांनी तिची गणना मोडक्या भाषेत केली. ह्यूगो शुखार्ट याने मात्र १८९१ मध्ये तिच्याकडे भाषाशास्त्रीय कुतूहलाने पाहिले, आणि १९८६ मध्ये होसाली व एचिसन यांनी ती पिजिन ठरते काय हा प्रश्न पुन्हा चर्चेस घेतला. वस्तुतः ‘डन’चा हा उपयोग आंधळा नाही. काळाचे अनेक प्रत्यय टाकून देऊन घडलेले व घडणार एवढाच भेद येथे राखला आहे, आणि स्वयंपाकघरात तेवढा पुरतो. ‘सांगून झाले’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसास तर ही रचना मुळीच परकी वाटू नये. शिवाय दोष द्यायचा तर तो दोन्हीकडे विभागावा लागेल. स्टील व गार्डिनर यांच्या १८८८ च्या गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध पुस्तकात मडमेने हिंदुस्थानी शिकावी असा आग्रह आहे. परंतु पुष्कळ बंगल्यांतील हिंदुस्थानी ‘लाओ’, ‘जाओ’ या आज्ञार्थांपलीकडे गेली नाही. तिला कोणी ‘साहेबी हिंदुस्थानी’चा कोश केला नाही, इतकेच!

बोलण्याने नोकरी मिळे, पण ती टिकविणारी किंवा घालविणारी वस्तू लेखी होती. जुन्या धन्याने दिलेली शिफारसपत्रे, म्हणजे ‘चिट’ (आपल्याच ‘चिठ्ठी’चे इंग्रजीत गेलेले रूप), नोकर जपून ठेवी आणि नव्या साहेबापुढे मांडी. त्यांत काय लिहिले आहे ते त्याला बहुधा वाचता येत नसे. प्रशंसा समजून पुढे केलेल्या कागदावर निंदाच लिहिलेली असल्याच्या कथा अँग्लो-इंडियन वर्तुळात विनोद म्हणून सांगितल्या जात. ज्याची भाकरी त्या कागदावर अवलंबून होती, त्याच्या बाजूने हा विनोद वाचणे कठीण आहे. बोली इंग्रजी आणि लेखी इंग्रजी यांमधील हे अंतर व्याकरणाचे नव्हते, सत्तेचे होते.

ते अंतर ओलांडल्याचे ठळक उदाहरण औरंगाबादचे नव्हे, पुण्याचे आहे. शिवराम जानबा कांबळे (१८७५–१९४२) हे तेथील मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. त्यांनी लिहिण्यावाचण्याइतकी इंग्रजी संपादन केली, १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मराठी पत्र काढले, आणि १९१० मध्ये लष्कर व पोलीस यांत महारांची भरती पुन्हा सुरू करावी असा अर्ज भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे पाठविण्याच्या खटपटीत पुढाकार घेतला. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, महारांची १११ वी पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडण्यात आली.