दूरध्वनी-वाहक आणि ग्राहकाचे संरक्षण : अमेरिकेतील यांत्रिक दूरध्वनींचा इतिहास

निरोप पोहोचविणाऱ्याने निरोप धाडणाऱ्याची चौकशी करावी की करू नये, हा प्रश्न दूरध्वनीहून पुष्कळ जुना आहे. इंग्लंडच्या रूढ कायद्यात नावाडी, गाडीवान आणि धर्मशाळावाला यांच्यावर एक विशेष बंधन होते : जो कोणी योग्य मोबदला देईल त्याला नकार द्यावयाचा नाही, आणि एकाला एक व दुसऱ्याला दुसरा असा भेद करावयाचा नाही. अशा व्यावसायिकास 'सामान्य वाहक' म्हणत. अमेरिकेने १९१० च्या मान-एल्किन्स कायद्याने ही कल्पना तारायंत्र आणि दूरध्वनी यांना लावली व १९३४ च्या संदेशवहन कायद्याने ती पक्की केली. तीमागे कटू अनुभव होता. एकोणिसाव्या शतकात वेस्टर्न युनियन ही तार-कंपनी आणि असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था यांच्या साटेलोट्यामुळे प्रतिस्पर्धी वृत्तसंस्थांची जी कोंडी झाली, ती त्या पिढीच्या स्मरणात ताजी होती. वाहकाने तटस्थ राहावे, हे तत्त्व लोकांनी झगडून मिळविलेले होते.

अलीकडे ज्यांना 'रोबोकॉल' म्हणतात त्या यांत्रिक दूरध्वनींचा इतिहास बहुधा तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो; फसविणाऱ्याने एक युक्ती काढावी व कंपनीने तिच्यावर दुसरी काढावी, असा तो क्रम असतो. ही मांडणी अपुरी आहे. या प्रकरणातील निर्णायक घटना यंत्रशाळेत घडली नाही. वाहकाचे तटस्थपण कोठे संपते आणि त्याची जबाबदारी कोठे सुरू होते, या वादात ती घडली.

प्रारंभीच्या दूरध्वनी-केंद्रात दोन ग्राहकांच्या मध्ये एक ऑपरेटर बसलेली असे. कोण कोणास बोलावीत आहे हे तिला ठाऊक असे, आणि संशयास्पद मनुष्यास ती हटकूही शके. परंतु याच मध्यस्थीविषयी अविश्वासही होता. कॅन्सस सिटी येथील अंत्यविधीचे साहित्य पुरविणाऱ्या आल्मन स्ट्रोजर याने, आपल्याकडे येणारी गिऱ्हाइके ऑपरेटर दुसऱ्याकडे वळविते अशा संशयाने, माणसावाचून चालणाऱ्या केंद्राची कल्पना काढली, असे परंपरेने सांगितले जाते. आख्यायिकेचा भाग बाजूस ठेवला तरी त्याचे पेटंट १८९१ चे आहे आणि इंडियानातील ला पोर्ट येथील स्वयंचलित केंद्र १८९२ चे आहे, हे निश्चित. मध्यस्थ दूर होणे त्या काळी ग्राहकाचे हित मानले गेले. पुढे शंभर वर्षांनी त्याच ग्राहकाला मधे कोणी तरी पाहणारे असावे असे वाटू लागले, हा या इतिहासातील एक विपर्यासच होय.

कंपन्यांना जाळ्यावर नजर ठेवता येत नव्हती, असे मात्र नाही. विशिष्ट सूर वाजवून दूर अंतराचे दूरध्वनी फुकट करण्याची क्लृप्ती १९६० च्या सुमारास पसरली, तेव्हा ए. टी. अँड टी. या कंपनीने १९६४ ते १९७० या काळात 'ग्रीनस्टार' नावाची गुप्त योजना चालविली. तीत सुमारे ३ कोटी ३० लक्ष संभाषणे यंत्राने तपासली गेली आणि त्यांपैकी जवळजवळ १५ लक्ष ध्वनिमुद्रित झाली. पुढे संकेत आणि आवाज यांचे मार्गच वेगळे करण्यात आले व ती चोरी हळूहळू बंद पडली. स्वतःच्या उत्पन्नास धक्का बसला तेव्हा वाहकाने एवढी दक्षता दाखविली. तीच तंत्रव्यवस्था ग्राहकाची फसवणूक होऊ लागली तेव्हा मुकी राहिली. बोलावणाऱ्याचा क्रमांक पुढे पाठविण्याची सोयही मुळात देयकाच्या हिशेबाकरिता होती. १९८० नंतरच्या दशकात तो क्रमांक ग्राहकास दाखविण्याची सेवा निघाली आणि कंपन्यांनी ती दरमहा आकार लावून विकली. पडद्यावर दिसणारा क्रमांक खरा आहे, अशी हमी मात्र त्या आकारात कधीच नव्हती.

कायद्याने प्रथम हात घातला तो बोलावणाऱ्याला. १९९१ मध्ये सेनेटर हॉलिंग्ज यांनी या यांत्रिक दूरध्वनींना आधुनिक संस्कृतीवरील पीडा म्हटले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने संमतीवाचून घरोघरी ध्वनिमुद्रित जाहिराती ऐकविण्यास मनाई केली. फिर्याद करणाऱ्या ग्राहकास प्रत्येक दूरध्वनीमागे ५०० डॉलर मिळण्याची तरतूद झाली. २००३ मध्ये 'दूरध्वनी करू नये' अशी राष्ट्रीय नोंदवही उघडली; तीतील क्रमांकांची संख्या पुढे २४ कोटींच्या घरात गेली. दोन्ही उपायांत गृहीत धरलेले एक तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. ग्राहकाने नाव नोंदवावे, ग्राहकाने तक्रार करावी, ग्राहकाने खटला भरावा. वाहक यांत कोठेच नाही. व्यापार आयोगाच्या मूळ कायद्याने सामान्य वाहकांना त्या आयोगाच्या कक्षेबाहेरच ठेविले होते. प्रामाणिक विक्रेत्याने नोंदवही पाळली. लबाडाला तिची पर्वा असण्याचे कारणच नव्हते.

इतक्यात इंटरनेटवरून आवाज पाठविण्याची पद्धत आली. परदेशातून अमेरिकेत बोलण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, आणि बोलावणारा जो क्रमांक लिहील तोच समोरच्याच्या पडद्यावर उमटू लागला. फसविण्याच्या हेतूने खोटा क्रमांक दाखविणे २०१० च्या अखेरीस गुन्हा ठरले खरे. परंतु गुन्हेगार समुद्रापलीकडे होता. तो किती दूर व किती जवळ होता, हे मराठी वाचकास ठाऊक आहेच. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेंहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. ही मुले अमेरिकन करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तेथील नागरिकांना अटकेची धमकी देत आणि पैसे उकळीत. अमेरिकेत या प्रकारच्या फसवणुकीत गेलेली रक्कम तोवर पाच कोटी डॉलरांवर पोहोचली होती.

याच सुमारास तेथील कंपन्यांनी एक साधा प्रयोग केला. करखात्याचे काही क्रमांक केवळ येणारे दूरध्वनी घेण्यासाठी असतात. त्यांवरून कोणी बाहेर बोलतच नाही. तेव्हा असे क्रमांक दाखवून येणारा प्रत्येक दूरध्वनी खोटाच समजून वाटेतच तोडावयाचा. या प्रयोगानंतर करखात्याच्या नावाने येणारे फसवे दूरध्वनी सुमारे ९० टक्क्यांनी घटले, असे कंपन्यांच्या कार्यगटाने कळविले. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावयास हवे. प्रयोग आणि छापे इतक्या लगोलग घडले की घट कोणामुळे झाली, हे त्या एका आकड्यावरून ठरविता येत नाही. परंतु कंपनीला मनात आणल्यास मधेच अडविता येते, एवढे मात्र उघड झाले.

तोवर कंपन्यांचे उत्तर एकच असे : आम्ही सामान्य वाहक, आम्हांस अडविण्याचा अधिकार नाही. जून २०१५ मध्ये संघीय संदेशवहन आयोगाने स्पष्ट केले की, ग्राहकाने मागितल्यास अशी सेवा देण्यास कायद्याची आडकाठी नाही. २०१७ मध्ये अस्तित्वातच नसलेल्या क्रमांकांवरून येणारे दूरध्वनी आपण होऊन तोडण्याची मुभा मिळाली. मुभेचे कर्तव्य झाले ते ३० डिसेंबर २०१९ च्या कायद्याने. त्यानुसार बोलावणाऱ्याच्या कंपनीने क्रमांकाचे साक्षांकन करून त्यावर सांकेतिक स्वाक्षरी करावी, असे ठरले. साक्षांकनाच्या तीन श्रेणी आहेत. पहिलीत कंपनी म्हणते की ग्राहक आपल्या ओळखीचा आहे व क्रमांक त्याचाच आहे. दुसरीत, ग्राहक ओळखीचा, पण क्रमांकाची खात्री नाही. तिसरीत, दूरध्वनी कोठून आपल्या हाती आला एवढेच सांगता येते. मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ ची मुदत होती. त्याच वर्षीच्या २८ सप्टेंबरपासून, आयोगाच्या नोंदपटात नाव नसलेल्या वाहकाकडून दूरध्वनी स्वीकारण्यासच बंदी आली. या दुसऱ्या नियमाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. वास्तविक खरा जोर त्यातच आहे. एक दूरध्वनी चार-पाच वाहकांच्या हातांतून जातो आणि प्रत्येकास केवळ आपल्या मागचाच ठाऊक असतो. साखळीतील प्रत्येक दुव्यास मागच्याची निवड करणे भाग पडले, तेव्हा कोठे तटस्थपणाची ढाल गळून पडली.

ही ढाल किती सोयीची होती, हे न्याय विभागाने जानेवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यांवरून दिसते. एका लहानशा वाहकाने २०१९ च्या मे-जूनमधील अवघ्या २३ दिवसांत ७२ कोटींहून अधिक दूरध्वनी पुढे ढकलले होते, आणि त्यांपैकी सुमारे ४२ कोटी ५० लक्ष एका सेकंदाच्या आतच संपले होते. माणसे एकमेकांशी एका सेकंदात बोलत नाहीत. हे जाणण्यास संभाषण ऐकण्याची गरज नव्हती. वाहकाजवळचा हिशेबच पुरेसा होता.

भारताने निराळी वाट धरली. नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये नोंदवहीपासूनच आरंभ केला. परंतु २०१८ च्या विनियमांनी व्यापारी संदेश पाठविणाराची, त्याच्या शीर्षकाची आणि मजकुराच्या नमुन्याचीही पूर्वनोंदणी सक्तीची केली. ही तपासणी मार्च २०२१ मध्ये प्रत्यक्षात सुरू होताच बँकांचे परवलीचे संदेश अडकले आणि ती आठवडाभर थांबवावी लागली. मजकूर तपासणाऱ्या पहारेकऱ्याच्या चुकीची किंमत निरपराधासही मोजावी लागते. याउलट, परदेशातून येऊनही भारतीय क्रमांक दाखविणारे दूरध्वनी सीमेवरच अडविण्याची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत असे सुमारे १ कोटी ३५ लक्ष दूरध्वनी ओळखून रोखण्यात आल्याचे शासनाने जाहीर केले. तीत मजकुराचा प्रश्न नाही; क्रमांक आणि आगमनाची वाट यांचा मेळ बसतो की नाही, एवढेच पाहिले जाते.

अमेरिकन व्यवस्थेतही छिद्रे राहिली. २०२१ ची मुदत इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यांपुरती होती. वाटेत जुन्या पद्धतीचा एखादा टप्पा आला की स्वाक्षरी तेथेच गळून पडते. शिवाय साक्षांकन हे शेवटी साक्षांकन करणाऱ्याच्या प्रामाणिकपणाइतकेच खरे. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हँपशायर राज्यातील प्राथमिक निवडणुकीपूर्वी अध्यक्ष बायडन यांच्या यंत्रनिर्मित आवाजात मतदारांना मतदानास जाऊ नका असे सांगणारे दूरध्वनी गेले, ते पहिल्या श्रेणीची स्वाक्षरी घेऊनच. ऑगस्ट २०२४ मध्ये संबंधित वाहकाने दहा लक्ष डॉलर भरण्याचे मान्य केले. पुढील काळाकरिता, ग्राहक व त्याचा क्रमांक यांची स्वतः खात्री केल्यावाचून पहिली श्रेणी द्यावयाची नाही, अशी अटही त्याने पत्करली.