जुन्या ट्रकचे क्राउन-पिनियन: जुळवणी आणि पहिले हजार किलोमीटर

इस्लामपूर परिसरात ट्रकच्या मोठ्या दुरुस्त्यांचे वेळापत्रक ऊस ठरवतो. साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, पलीकडे रेठऱ्याचा कृष्णा अशा कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. त्या काळात ट्रक मधेच बसला, तर तोडलेला ऊस वाळून वजन घटते, उचल दिलेली टोळी बसून राहते आणि फेऱ्या बुडतात. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शिअल ही कामे उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात उरकली जातात. यातले डिफरन्शिअलचे काम सगळ्यात नाजूक. भाग नवेकोरे असूनही केवळ जुळवणी चुकल्यामुळे महिन्याभरात दात उडाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

डिफरन्शिअल दोन कामे करते. प्रोपेलर शाफ्टचे लांबीच्या दिशेने फिरणे काटकोनात वळवून ते एक्सलला देते, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त फिरू देते. दुसरे काम मधल्या लहान स्पायडर गिअरांचे. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकेर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी ही रचना वापरली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. पहिले काम क्राउन आणि पिनियन या जोडीचे, आणि जुळवणी म्हणतात ती मुख्यतः या जोडीची.

समजा पिनियनला ६ आणि क्राउनला ४१ दात आहेत. म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी प्रोपेलर शाफ्ट ६.८३ वेळा फिरतो. ४२ ऐवजी ४१ घेण्यामागे हिशेब आहे. ४२ असते, तर पिनियनचा प्रत्येक दात कायम क्राउनच्या त्याच सात दातांना भिडला असता आणि एका दाताचा दोष तिथेच कोरला गेला असता. ४१ मुळे प्रत्येक दात पाळीपाळीने सगळ्यांना भेटतो आणि झीज वाटली जाते.

ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होते आणि दोन्हींवर एकच जोड क्रमांक कोरलेला असतो. म्हणून फक्त पिनियन बदलून जुना क्राउन ठेवणे ही काटकसर नाही. भंगारातून आणलेला 'जवळजवळ नवा' क्राउन दुसऱ्या पिनियनवर चढवणेही तसेच. क्रमांक जुळत नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

खोलण्यापूर्वी आवाज ऐकून घ्यावा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी आणि सोडल्यावर बदलणारी शिट्टी बहुधा क्राउन-पिनियनची असते. वेगाबरोबर वाढणारी पण ॲक्सिलरेटरला दाद न देणारी घरघर बेअरिंगची असू शकते. फक्त वळणावर आवाज येत असेल तर स्पायडर गिअर पाहावेत. उसाच्या फडात एक चाक चिखलात गरगरते आणि अचानक पकड घेते, तो धक्का यांनाच बसतो. गाडी उचलताना 'ठक्' वाजते ते मात्र अनेकदा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधून असते, आणि त्यासाठी हौसिंग उघडण्याची गरज नसते.

खोलताना साइड बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर खुणा कराव्यात. त्या जागेवर बसवूनच भोक पाडलेले असते, त्यामुळे डावी-उजवी अदलाबदल चालत नाही. नवा क्राउन केसवर घट्ट बसतो. तो हातोड्याने ठोकू नये आणि त्यावर गॅसची ज्योतही मारू नये, कारण दातांचे कठिणीकरण जाते. सत्तर-ऐंशी अंशाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवला की तो फुगून सहज बसतो. मग पुसून कोरडा करावा आणि बोल्ट नवे घालावेत.

यानंतर चार गोष्टी जुळवायच्या असतात: पिनियनच्या बेअरिंगचा दाब, पिनियनची खोली, क्राउन-पिनियनमधला प्ले आणि साइड बेअरिंगचा दाब. त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून एक हलवली की बाकीच्या पुन्हा तपासाव्या लागतात.

पिनियनच्या बेअरिंगवर आधीपासून थोडा दाब हवा. तो नसेल तर भार आल्यावर पिनियन मागे सरकते आणि दात टोकावर भिडतात. जास्त असेल तर बेअरिंग तापून निळी पडते. हा दाब दोन बेअरिंगमधल्या स्पेसरच्या जाडीवर ठरतो, स्पेसर पातळ केला की तो वाढतो. मोजण्याची सोपी रीत म्हणजे केजभोवती दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढणे. केजची त्रिज्या ६ सेंमी आणि सावकाश फिरताना काटा अडीच किलो दाखवत असेल, तर १५ किलो-सेंमी झाले. हिशेबात त्रिज्याच घ्यायची, व्यास नाही. ही चूक नेहमीची. सुरुवातीच्या झटक्याचा आकडा धरू नये आणि ऑइल सील बसवण्यापूर्वीच मोजावे. नटची पिन भोकात येत नसेल, तर नट मागे सोडू नये, थोडा पुढे आवळावा.

खोलीसाठी केजच्या कडेखाली शिम असतात. अनेक जड ट्रकमध्ये शिम काढले की पिनियन क्राउनच्या जवळ जाते, घातले की लांब. प्ले डायल गेजने मोजतात. पिनियन रोखून क्राउन हाताने मागेपुढे हलवायचा आणि काटा किती फिरतो ते पाहायचे. जड ट्रकमध्ये हा आकडा बहुधा ०.२ ते ०.४ मिमी असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्यावा. क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजणे आवश्यक, कारण जागोजागी फरक पडत असेल तर क्राउन वाकडा बसलाय किंवा मधे कचरा आहे. प्ले बदलताना एका बाजूची चुडीदार रिंग जितकी सोडली तितकीच दुसरी आवळायची, म्हणजे साइड बेअरिंगचा दाब कायम राहतो.

अंतिम निवाडा डायल गेजचा नसून रंगाचा. क्राउनच्या आठ-दहा दातांना तेलात कालवलेला मार्किंग रंग पातळ लावायचा, लाकडी ठोकळ्याने क्राउनला थोडा अडथळा देत पिनियन फिरवायचे आणि दातांवर रंग कुठे पुसला गेला ते पाहायचे. गाडी पुढे ओढणारी, म्हणजे दाताची फुगीर बाजू आधी वाचावी. ठसा दाताच्या माथ्याकडे असेल तर पिनियन लांब आहे, ते आत घ्यावे. बुडाशी असेल तर फार आत आहे, बाहेर घ्यावे. ठसा आतल्या अरुंद टोकाला अगदी चिकटला असेल तर क्राउन पिनियनपासून दूर सारावा. बाहेरच्या रुंद टोकाला असेल तर जवळ आणावा. नव्या जोडीत हलक्या हाताने घेतलेला ठसा मध्यापेक्षा किंचित आतल्या टोकाकडे असलेला चांगला, कारण उसाचा भार आल्यावर तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो. जुनीच जोडी परत बसवत असाल, तर पुस्तकातला आदर्श ठसा शोधू नये. दातांवर आधीची झीज जिथे आहे, तिथेच ठसा आणावा.

हे सगळे नीट झाले तरी जोडी अजून तयार नसते. नव्या दातांवर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. सुरुवातीला सगळा भार त्या टोकांवर येतो आणि तिथे उष्णता फार वाढते. तेलाचा थर तुटला तर दात एकमेकांना ओरबाडतात आणि वरचा कठीण थर नरम पडतो. म्हणून पहिली फेरी रिकामी. इस्लामपूरहून सपाट रस्त्याने आष्ट्यापर्यंत जावे, वेग मध्यम आणि बदलता ठेवावा, मग हौसिंग पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे. असे तीन-चारदा केल्यावर थोडा माल भरावा. पहिले ७००-८०० किमी पूर्ण भार, आंबा किंवा कुंभार्ली घाट आणि सलग हायवे टाळावा. हौसिंगला हात लावून पाहणे इथे उपयोगी. ते गरम होणारच, पण पाण्याचा थेंब टाकताच चरचरून उडाला तर गाडी थांबवावी.

तेल पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचेच, बहुतेक जुन्या ट्रकना ९० क्रमांकाचे ईपी गिअर ऑइल चालते. मागच्या एक्सलचा ब्रीदर मोकळा आहे का तेही पाहावे, नाहीतर नवे सील तेल ओकते. हजार किमीच्या आसपास हे तेल गरम असतानाच सोडावे. चुंबकी बूचावर करडा लोण्यासारखा लेप आला तर तो घासलेल्या उंचवट्यांचा आहे. बोटांना टोचणारे चमकदार कण किंवा तुकडे आले, तर नवे तेल ओतण्याआधी हौसिंग उघडून ठसा पुन्हा घ्यावा.