मुरूम लागेपर्यंत

सेलूतल्या आमच्या जुन्या घराला सागाचे खांब होते, त्यांवर तुळया, लग, किलचनं आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचं माळवद. आजोबा सांगायचे, पाया खणताना गवंड्याला एकच ताकीद असे: काळी माती संपून मुरूम लागल्याशिवाय पहिला दगड ठेवायचा नाही. दुधनाकाठची ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर टेकलेल्या भिंतीलाही तडे पाडते. निजामाच्या काळात आमच्या गल्लीला एवढाच बांधकामाचा कायदा ठाऊक होता.

त्या शहाणपणात भूकंप मात्र कुणी धरला नव्हता. गळती लागली की माळवदावर मातीचा आणखी एक थर पडायचा, वजन वाढत जायचं. भिंती रुंद, पण आतून-बाहेरून दोन वेगळे थर, मध्ये गोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच असायचा. 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती फुटल्या आणि झोपलेली हजारो माणसं दगडमातीखाली गेली. थोरली आत्या त्यानंतर कित्येक महिने अंगणातच झोपायची.

अशा कच्च्या दगडी घरांसाठीची भारतीय मानकंही 1993 चीच: आरपार दगड किती अंतरावर हवेत, भिंतीला सलग पट्टा कुठे हवा, सगळं त्यांत आहे. किल्लारी ज्यात येते तो लातूरचा भाग तोवर सर्वांत कमी धोक्याचा समजला जात होता; 2002 मध्ये तो तिसऱ्या भूकंपक्षेत्रात गेला. आज परवान्याच्या कागदांत संरचनेची जबाबदारी घेणाऱ्या अभियंत्याची सही असते. सळई वाढते, खर्च वाढतो, काम लांबतं. धाकट्या भावाचं घर बांधताना मिस्त्री कुरकुरला, "भाऊ, कॉलमला इतक्या जवळ रिंगा कशाला? आपल्याकडं कुठं भूकंप होतो?" मार्च 2024 मध्ये हिंगोलीजवळ 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, जुलैमध्ये पुन्हा तेवढाच. परभणीतही माणसं रस्त्यावर आली.

म्हणून मला वाटतं, नुसत्या सहीवर न भागवता तपासणी व्हायला हवी, आणि तीही सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी. रिंगेचा हूक आत वळवलाय की नुसता टेकवलाय, हे तेव्हाच दिसतं. पाया मुरमाला पोचलाय का, तेही खड्डा उघडा असतानाच बघावं लागतं. आजोबा त्यासाठी स्वतः खड्ड्यात उतरत.