कल्पना, विकल्प आणि संकल्प



मागे एका खेड्यात कल्पनाशक्ती या विषयावर बोलायला गेलो होतो. भाषण संपल्यावर एक वृद्ध शेतकरी उभे राहिले आणि म्हणाले, "सर, कल्पना म्हणजे मनातले मांडेच ना? त्यानं पोट भरते काय?" सभेत हशा पिकला. मीही हसलो, पण परतताना एस.टी.त बसल्या बसल्या तो प्रश्न काही मनातून जाईना. कारण शिकलेली माणसे तरी वेगळे काय म्हणतात? एखादी गोष्ट खोटी ठरवायची असली की आपण तिला 'काल्पनिक' म्हणून मोकळे होतो. म्हणून आज या शब्दाची थोडी चौकशी करू.

'कल्पना' हा शब्द संस्कृतातल्या 'कॢप्' या धातूपासून झाला. पाणिनीय धातुपाठात या धातूचा अर्थ 'सामर्थ्य' असा दिलेला आहे. जुळणे, योग्य होणे, रचणे हेही त्याचेच अर्थ. म्हणजे ज्या शब्दाला आपण दुबळा समजतो, त्याच्या मुळाशी बळ आहे. बाभळीचे ओबडधोबड लाकूड समोर पडलेले असते आणि सुताराला त्यात तिफण दिसते. ती दिसली नाही, तर नुसता वाकस चालवून काय उपयोग? गुरुजी फळ्यावर 'समजा, क्ष रुपये' असे लिहितात, तेव्हा तेही वर्गाला कल्पनाच करायला सांगत असतात.

मग शब्दाचा मान का गेला? शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात आकसतात. आपल्या जिल्ह्यात कळंबला चिंतामणीचे देऊळ आहे. 'चिंता' या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ चिंतन, विचार. मराठीत मात्र चिंता म्हणजे निव्वळ काळजी होऊन बसली. कल्पनेचेही थोडेबहुत तसेच झाले.

तिच्या शेजारचे शब्द नीट पारखून घ्यावेत. आभाळ पाहून आपण पावसाचा अंदाज बांधतो. तो समोर आहे त्यावरून. भ्रम झालेला माणूस नाही ते आहे असे मानतो. कल्पना करणाऱ्याला मात्र ती वस्तू अजून नाही हे पक्के ठाऊक असते, आणि ती कशी होईल हे तो मनात मांडून पाहतो. आता तिची सख्खी भावंडे पाहा. 'विकल्प' म्हणजे मनात आलेली शंका, आणि विकल्प म्हणजे दुसरा पर्यायही. 'संकल्प' म्हणजे पक्का निश्चय. पूजेआधी हातात पाणी घेऊन सोडतात तो.

ही तिन्ही भावंडे एकत्र पाहायची असतील, तर 1930 सालात चला. त्या वर्षी 6 एप्रिलला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलून कायदा मोडला. देशभर लोक मीठ करू लागले. पण आमच्या वऱ्हाडात समुद्र कुठला? इथे विकल्प आला, शंकेच्या अर्थाने: आपण करायचे तरी काय? अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ केले गेले. ही झाली कल्पकता. पण खारे पाणी सगळ्या गावांना कुठून मिळणार?

मग दुसऱ्या अर्थाचा विकल्प सापडला, आणि तो दाराशीच होता. राखीव जंगलातले गवत, सरपण, गुरांची चराई यांवर सरकारचे निर्बंध होते. 1927 चा जंगल कायदा त्यामागे होता. मिठाचा जाच घरोघरी पोचत होता, तसा गवताचा जाच गोठ्यागोठ्यात पोचत होता. मिठाच्या जागी गवत, किनाऱ्याच्या जागी जंगल आणि हातात विळा! ही मांडणी मनात जुळली आणि तिचा संकल्प झाला. 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. त्यांना अटक झाली, शिक्षा झाली. अणे वणीचे, जन्म 1880 चा. टिळकांचे अनुयायी आणि संस्कृतचे जाणते पंडित.

पुढे जंगल सत्याग्रह ठिकठिकाणी झाला. गंमत अशी, की समुद्राजवळच्या कुलाबा जिल्ह्यातही तो पोचला. तिथे चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी गोळीबार होऊन माणसे प्राणास मुकली. कल्पनेची किंमत अशीही द्यावी लागते.

पुसदच्या त्या विळ्याने जे गवत कापले, त्यावर चार गुरांचेही पोट भरले नसेल. पण समुद्र नसलेल्या मुलखाला लढता येते, हे त्या गवताने दाखवले. 'सामर्थ्य' हा जुना अर्थ तिथे पुन्हा जिवंत झाला.

शिक्षकबंधूंना एक विनंती. खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलावर लगेच रागावू नका, "काय पाहतोस?" एवढे त्याला विचारा. तो नुसते मांडे खात असेल, तर "मांड्याला पीठ कुठून आणशील?" हा पुढचा प्रश्न करा. उत्तर शोधायला तो बसला, की कल्पनेकडून संकल्पाकडे निघालाच म्हणून समजा.

आणि त्या आजोबांना माझे उशिरा सुचलेले उत्तर असे: कल्पनेने पोट भरत नाही, हे खरे. पण पहिली तिफण कोणाच्या तरी मनातच तयार झाली होती, बरं का!