कोणाच्या वळणावर?

मूल बोलायला लागलं नाही, शाळेत मागे पडलं, की घरातल्या थोरांचा प्रश्न ठरलेला: कोणाच्या वळणावर गेलं हे? उत्तरही ठरलेलं. आईच्या! "आमच्याकडे असलं कुणी नाही."

मंडळी, एका आजाराच्या बाबतीत या प्रश्नाचं नीट उत्तर मिळायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. फ्रॅजाइल एक्स. वारशाने येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेच्या कारणांत हे सर्वांत जास्त आढळणारं.

१९४३ साली, भर युद्धात, इंग्लंडमध्ये मार्टिन नावाचे डॉक्टर आणि ज्युलिया बेल यांनी एका कुटुंबाची वंशावळ छापली. त्यात ११ पुरुष 'मतिमंद' (शब्द तेव्हाचा), पण त्यांच्या आया चांगल्या. म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावर. बाईला दोन एक्स असतात, एक बिघडला तर दुसरा बराचसा सावरून घेतो. पुरुषाला एकच.

ज्युलियाबाईंवर खरं तर वेगळं लिहायला हवं. केंब्रिजला गणित शिकल्या, पण तिथे तेव्हा बायकांना पदवी देत नसत, म्हणून ती डब्लिनहून आणली. पुढे डॉक्टरही झाल्या. असो.

१९६९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट लब्स यांना अशाच एका घरातल्या पुरुषांच्या एक्सचं टोक तुटल्यासारखं लोंबताना दिसलं. पण इतरांनी पाहिलं तर दिसेना! कोडं सोडवलं ग्रँट सदरलंड यांनी, १९७७ मध्ये. ते मेलबर्नहून ॲडलेडच्या प्रयोगशाळेत गेले आणि आधी दिसणाऱ्या अशा तुटक जागा दिसेनाशाच झाल्या. फरक होता पेशी वाढवायच्या द्रवात. मेलबर्नचा जुना, फॉलिक ॲसिड कमी असलेला; ॲडलेडचा चांगला सकस. खाऊनपिऊन सुखी पेशी आपलं दुखणं दाखवतच नव्हत्या. उपाशी ठेवल्या की दाखवायच्या.

१९४३च्या त्याच कुटुंबात हे तुटकं टोक सापडल्याचं १९८१ मध्ये छापून आलं. ज्युलियाबाई १९७९ मध्ये गेल्या, शंभर वर्षांच्या होऊन. दोन वर्षांनी हुकलं.

जनुक हाती लागलं १९९१ मध्ये: एफएमआर-१. त्याच्या सुरुवातीला 'सीजीजी' ही तीन अक्षरं जपमाळ ओढल्यासारखी पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत ४५ पेक्षा कमी वेळा. २०० च्या पुढे गेली की जनुक बंदच पडतं आणि मेंदूतल्या पेशींची जोडणी नीट व्हायला लागणारं प्रथिन बनत नाही. मधल्या, म्हणजे ५५ ते २०० वाल्यांची बुद्धी सहसा शाबूत असते. असा बाप ते जनुक आपल्या प्रत्येक मुलीला देतो, साधारण तेवढ्याच लांबीचं. मुलगीही चांगली शिकते-सवरते. तिच्याकडून पुढे जाताना मात्र ही माळ एकदम लांबू शकते, आणि नातवात आजार दिसतो.

म्हणजे थोरांचं म्हणणं अर्धं खरं. मुलाला एक्स आईकडूनच येतो. पण तिच्याकडे तो कित्येकदा तिच्या वडिलांकडून आलेला असतो. आणि त्या आजोबांनाही मनापासून वाटत असतं की आमच्याकडे असलं कुणी नाही.

आजोबाही पुरते सुटलेले नसतात म्हणा. यांतल्या काहींना उतारवयात हाताला कंप सुटतो, चालताना तोल जातो. २००१ मध्ये रँडी हॅगरमन आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यांचं तिकडे लक्ष गेलं ते मुलांना तपासायला घेऊन येणाऱ्या आयांमुळे. त्या येता-जाता आपल्या वडिलांच्या थरथरत्या हातांबद्दलही सांगायच्या.