नक्त, बट्टा आणि पोर्टल : कर भरण्याच्या वाटा कशा अरुंद होत गेल्या

१/ कर किती घ्यावा, यावर इतिहासात विपुल लेखन झाले आहे. तो कशाने आणि कोठे भरावा, या प्रश्नाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः करदात्याचे ओझे पुष्कळदा भरण्याच्या रीतीनेही ठरते. एकोणिसाव्या शतकातील दख्खन हे याचे ठळक उदाहरण.

२/ पेशवाईत महसूल दोन रूपांनी वसूल होई : ‘नक्त’ म्हणजे रोख आणि ‘ऐन जिनसी’ म्हणजे धान्यादी वस्तू. रोखीतही नाणे एकच नव्हते. अंकुशी, चांदवडी असे अनेक रुपये चालत आणि ते बदलून देताना सराफ ‘बट्टा’ कापून घेई.

३/ तो काळ सुखाचा होता, असे मात्र नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत वसुलीचे मक्ते दिले जात आणि मक्तेदार रयतेला पिळून काढीत. भरण्याच्या वाटा अनेक असल्या तरी न्यायाची हमी नव्हती.

४/ १८१८ मध्ये दख्खन कंपनीच्या हाती गेले. १८३५ च्या कायद्याने सर्वत्र एकच कंपनी रुपया ठरला. १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांची ३० वर्षांची रयतवारी जमाबंदी इंदापुरात लागू झाली. दर उतरले, बट्ट्याचा जाच हळूहळू सरला. मात्र सारा आता रोख रुपयांत आणि ठरल्या हप्त्यालाच भरायचा होता.

५/ घरात धान्य असूनही हाती नाणे नसे. भाव येईपर्यंत थांबावे, तर हप्ता चुके. मग शेतकरी सावकाराच्या दारी जाई. सरकार आणि रयत यांच्यामधला मध्यस्थ नाहीसा झाला नाही. तो फक्त बदलला.

६/ अमेरिकेतील यादवी युद्धाने चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले. १८६७ च्या फेरजमाबंदीत इंदापूरचा सारा बराच वाढला. १२ मे १८७५ रोजी सुप्यात दंगा उसळला आणि सावकारांची खतपत्रे जाळली गेली. व्याज, कोर्टाचे हुकूमनामे, सारावाढ अशी त्याची कारणे अनेक. रोखीची सक्ती हे त्यांपैकी एक. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

७/ प्राप्तिकर हिंदुस्थानात १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी आणला. पुढे कित्येक दशके बँकेच्या खिडकीवर चलन भरून रोख रक्कम किंवा धनादेश देणे, हीच नेहमीची रीत होती. २००४ मध्ये या भरण्याची नोंद संगणकावर आली. १ एप्रिल २००८ पासून कंपन्यांना आणि लेखापरीक्षण बंधनकारक असलेल्या करदात्यांना ऑनलाइन भरणा सक्तीचा झाला.

८/ सामान्य व्यक्तीसाठी खिडकी बंद झाली नाही. पण तिथवर जाणारी वाट बदलली. नव्या पद्धतीत चलन आधी प्राप्तिकराच्या पोर्टलवर तयार करावे लागते. ते १५ दिवसच चालते आणि खिडकीवर रोखीने १०,००० रुपयांपर्यंतच भरता येतात. म्हणजे रोख भरणाऱ्यालाही इंटरनेट टळत नाही.

९/ याचे लाभ खरे आहेत : पावती तत्काळ मिळते, नोंदींतील चुका घटतात. एका नाण्याचे लाभही असेच खरे होते. पण ज्या वृद्धाला पोर्टल उघडता येत नाही, तो आपला पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती सोपवतो. तो दुसरा नातू असेल, तर काळजी नाही. अनोळखी दुकानदार असेल, तर कराखेरीज त्याचे शुल्क द्यावे लागते आणि फसवणुकीची जोखीमही पत्करावी लागते. हा खर्च सरकारी जमाखर्चात दिसत नाही. इंदापूरच्या रयतेने सावकाराला दिलेले व्याजही साऱ्याच्या हिशेबात कधी दिसले नव्हते.