धाब्यापासून स्लॅबपर्यंत : वऱ्हाडी छपरातल्या जोडाची गोष्ट

अकोल्याच्या आमच्या घराला मागच्या अंगाने एक खोली वाढवली. जुन्या भिंतीलगत संडासाचा हवेचा पाइप उभा होता. तो हलवण्यापेक्षा नवा स्लॅब त्याच्याभोवती टाकणे सोपे वाटले. पहिल्याच पावसाळ्यात त्या पाइपाच्या बुडाशी ओल आली. सिमेंट भरले, वर्षभरात त्याला केसाएवढी चीर गेली. डांबर ओतले, ते उन्हात पाघळले आणि थंडीत तडकले. तिसऱ्या वर्षी माझ्या मनात आले, की आजोबांच्या घराचे छप्पर तर मातीचे होते आणि त्यालाही भोक होते. मग त्या लोकांनी पाणी कसे थोपवले? या प्रश्नाच्या मागे गेलो तेव्हा वऱ्हाडातल्या घरबांधणीचा एक दुर्लक्षित धागा हाती आला.

आजोबांचे घर धाब्याचे होते. सागवानी कड्या, त्यांवर फळ्या किंवा काड्याकामट्या आणि वर मातीचा जाड थर, असे त्याचे छप्पर. माती मात्र कुठलीही चालत नसे. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात : काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून ती छपराला निरुपयोगी. धाब्यावर चढे ती पांढरी किंवा खारी माती. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला शेतकरी या मातीचा स्वभाव ओळखतो. सोडियमचे प्रमाण जास्त असले की मातीचे कण ओलाव्याने सुटे होऊन बारीक छिद्रे बुजवतात आणि पाणी मुरत नाही. शेताला जो दोष, तोच छपराला गुण.

धाब्याला धुरासाठी आणि उजेडासाठी भोक ठेवावे लागे. त्याचा काठ भोवतालच्या मातीपेक्षा उंच करीत, म्हणजे वाहते पाणी वळसा घालून पन्हाळीकडे जाई. पाऊस आला की त्यावर मडके पालथे घालीत. उंच काठ आणि वरून झाकण, एवढ्या दोनच गोष्टी. तरी धाबे गळत नसे असे मुळीच नाही. सलग झड लागली की घरभर भांडी मांडावी लागत. पण दर उन्हाळ्याच्या शेवटी धाब्यावर नवी माती पडे, ती चोपली जाई, उंदरांची बिळे बुजवली जात. ही दुरुस्ती घराच्या वार्षिक कामातच मोडे. तिला कोणी बिघाड म्हणत नसे.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाला भाव आणला आणि १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. मालगाड्यांनी कापूस मुंबईला नेला आणि येताना बांधकामाचे नवे सामान आणले. नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये १८२९ साली घेतले गेले होते. पुढे जस्ताचा मुलामा मिळाल्यावर तो जगभर पसरला आणि आपल्याकडे जिनांच्या, गोदामांच्या डोक्यावर चढला. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली सुरू केलेल्या कारखान्याच्या धर्तीवरची कौले आपल्याकडे ‘इंग्रजी कवेलू’ झाली. साधे कवेलू दरवर्षी फेरावे लागे. इंग्रजी कवेलू एकमेकांत अडकत, म्हणून ते काम कमी झाले. पत्र्याने ते आणखी कमी केले. छपराची देखभाल अशी एकेक पायरी आपल्या हातून सुटत गेली. शेवटी स्लॅब आला आणि ‘एकदा टाकला की चिंता नाही’ ही समजूत घेऊन आला.

समजूत चुकीची होती, कारण पाणी पृष्ठभागापेक्षा जोडातून शिरते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर १ मीटर काँक्रीट सुमारे ०.३ मिलिमीटर वाढते, तर तेवढाच पीव्हीसी पाइप सुमारे २ मिलिमीटर. दोघांना सिमेंटने जखडले तर चीर पडणारच. त्यातच खाली काळी माती. जुने घर आणि नवी खोली एकाच वेळी, एकाच मापाने बसत-उठत नाहीत. जुन्या घराला बांधलेला पाइप नव्या स्लॅबमधून जातो तेव्हा तो दोन घरांच्या ओढाताणीत सापडतो.

अखेर आम्ही पाइपाभोवतीचे सिमेंट फोडले. भोकात मोठ्या व्यासाची नळी बसवली, म्हणजे पाइपाला आत हलायला जागा राहिली. तिच्याभोवती वीतभर उंच काठ बांधला आणि त्याच्या बुडाशी मिस्त्री ज्याला ‘वाटा’ म्हणतात तो गोलसर उतार काढला. मधली फट लवचीक सीलंटने भरली. वर पत्र्याची छत्री पाइपालाच आवळली, ती काठावरून खाली उतरते पण काठाला चिकटत नाही. पाइप हलला की छत्रीही हलते, काठ मात्र जागचा हलत नाही.

काम संपल्यावर पाहिले तर ते धाब्याचेच भोक होते : उंच काठ आणि त्यावर पालथे मडके. दोन पावसाळे कोरडे गेले आहेत. तरी मृगापूर्वी एक दिवस मी जिना चढून वर जातो, छत्री हलवून पाहतो, फट चाचपतो. आजोबा त्याच सुमारास धाब्यावर माती टाकीत. इतक्या पिढ्यांत छपराचे सामान बदलले, पण हा एक दिवस त्याला अजूनही द्यावा लागतो.